रस्त्यात बंद पडलेली मोटार : क्लबाची सावड की विम्याचा करार?

वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या मनात संतवाङ्मय, लोकशाही, फार तर कापसाचे अर्थकारण असे विषय उभे राहतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली, त्या वेळी आजच्या अर्थाची मोटार जगात जन्मालाच यावयाची होती. तेव्हा ‘रस्त्यात बंद पडलेली मोटार’ हा विषय जाहीर होताच पुढच्या रांगेतली काही मंडळी गालातल्या गालात हसली, ते व्यासपीठावरून मला दिसले. मी त्यांना दोष देत नाही. माझा पेशा शिक्षकाचा. मोटारीतले मला कळते ते मालकाइतकेच, मिस्त्रीइतके नव्हे. परंतु गेल्या वर्षभरात चारचौघांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : गाडीच्या विम्याबरोबर ‘रोडसाइड असिस्टन्स’ म्हणून काही शे रुपये जास्त मागतात, ते द्यावे की नाही? मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक सांगतात की त्यापेक्षा मोटार क्लबाचे सभासद व्हा. यांत खरे कोणाचे? हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, तेवढे सांगून मुद्द्याकडे वळतो.

नेर हे रेल्वेचे गाव नव्हे. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाची यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद मापाची गाडी धावत होती तेव्हाही ती दारव्हा-कारंज्याच्या वाटेने जाई. नेरचा सारा व्यवहार सडकेवर : इकडे यवतमाळ तीसेक किलोमीटर, तिकडे अमरावती साठेक. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. निघाली आणि पुढे ती गावोगाव पोहोचली, तेव्हापासून दोन पिढ्यांचा प्रवास तिच्याच भरवशावर झाला. एस.टी. बंद पडली तर काय होई, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. चाळीस माणसे खाली उतरत, कोणी बाभळीच्या सावलीत पान लावी, आणि मागची गाडी आली की कंडक्टर त्याच तिकिटावर सर्वांना तिच्यात कोंबून देई. बंद पडणे हे सर्वांचे असे, आणि त्यातून बाहेर काढण्याची जबाबदारी महामंडळाची असे. स्वतःची चारचाकी घेतली, तेव्हा आपण ही जबाबदारीही नकळत विकत घेतली. रात्री साडेनऊला गाडी थांबली की कंडक्टरही आपण आणि महामंडळही आपणच.

शिवाय आपल्याकडची चारचाकी सहलीसाठी थोडी आणि दवाखान्यासाठी फार धावते. यवतमाळचे शासकीय रुग्णालय, वर्ध्याजवळचे सावंगी मेघे, नाहीतर थेट नागपूर. मागच्या सीटवर बाळंतपणाची सून किंवा छातीत कळ आलेले वडील असताना गाडी बंद पडली, तर ‘कोण येईल आणि किती वेळात येईल’ हा प्रश्न काही शे रुपयांचा राहत नाही.

आता मूळ घोटाळा पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की गाडीचा विमा आहे, म्हणजे गाडीला रस्त्यात काहीही झाले तरी कंपनी पाहून घेईल. ही समजूत चुकीची आहे. आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९३९ साली झाला; त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. आज चालू असलेला कायदा १९८८चा. त्याच्या १४६व्या कलमाने जो विमा सक्तीचा केला आहे, तो आपल्या गाडीसाठी नसून आपल्या गाडीखाली सापडणाऱ्या दुसऱ्यासाठी आहे. ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो हाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा वेगळा आणि ऐच्छिक. तो घेतला, तरी त्याच्या कलमांत दोन गोष्टी शांतपणे लिहिलेल्या असतात. पहिली अशी की अपघात झाल्यास गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा वाजवी खर्च कंपनी देईल. मात्र चारचाकीसाठी रूढ विमापत्रात त्याला १५०० रुपयांची आणि दुचाकीसाठी ३०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. दुसरी अशी की झीज आणि यांत्रिक किंवा विजेच्या जोडणीतला बिघाड यांबद्दल कंपनी काहीही देणार नाही.

म्हणजे गाडी बाभळीवर आदळली तर विमा आहे; आणि गाडी बाभळीखाली नुसती उभी राहिली, तर नाही! बॅटरी बसणे, पट्टा तुटणे, पंक्चर होणे, चावी आत राहून दार बंद होणे, पेट्रोल संपणे, ही रोजची संकटे मूळ विम्याच्या बाहेरच आहेत. ‘रोडसाइड असिस्टन्स’ ही पुरवणी नेमकी ही फट बुजविण्यासाठी निघाली. पूर्वी मोटार विम्याचे दरपत्रक सर्व कंपन्यांना एकच असे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर मोकळे झाले आणि त्यानंतरच्या काळात मूळ विम्याला अशा पुरवण्या जोडून विकण्याची कंपन्यांना मुभा मिळाली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची ती अशी की ही पुरवणी साधारणपणे स्वतःच्या गाडीच्या विम्यालाच जोडून मिळते. जुनी गाडी आहे म्हणून ज्यांनी नुसता थर्ड पार्टी विमा ठेवला आहे, त्यांच्यापुढे हा पर्याय बहुधा नसतोच. आणि वस्तुतः बंद पडतात त्या जुन्याच गाड्या.

मोटार क्लबाची गोष्ट याहून जुनी आहे आणि मला स्वतःला ती अधिक आवडते. शेतीत आपल्याकडे सावड असते : आज तुमच्या निंदणाला मी येतो, उद्या माझ्या निंदणाला तुम्ही या. क्लब म्हणजे मोटारवाल्यांची सावडच. इंग्लंडमध्ये १९०५ साली लंडनच्या एका उपाहारगृहात काही मोटारवाले जमले आणि त्यांनी ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन केली. हेतू फारसा उदात्त नव्हता. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलिस कुंपणाआड दबा धरून बसत. त्यांची सूचना आधीच मिळावी, म्हणून या मंडळींनी रस्त्यावर सायकलस्वार नेमले. १९१० साली न्यायालयाने ठरविले की अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. तेव्हा क्लबाने युक्ती काढली. सायकलस्वार सभासदाच्या गाडीवरचे चिन्ह पाहून सलाम करी. एखाद्या वळणावर त्याने सलाम केला नाही, तर सभासदाने गाडी थांबवून ‘सलाम का केला नाहीस?’ असे विचारावयाचे आणि काय ते ओळखावयाचे! सलाम न करणे हा गुन्हा कोणत्या न्यायालयाने ठरवावा? परंतु याच सायकलस्वारांच्या पिशवीत हळूहळू पाने-पक्कड आली, पंक्चरचे सामान आले. पुढे रस्त्याच्या कडेला टेलिफोनच्या पेट्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येक सभासदाच्या खिशात त्यांची किल्ली आली. पोलिसांपासून पळण्यासाठी निघालेली संस्था अडलेल्याला हात देणारी संस्था बनली. जर्मनीतल्या अशाच क्लबाचे सभासद आज दोन कोटींहून अधिक आहेत आणि त्याच्या पिवळ्या गाड्यांना लोक ‘पिवळे देवदूत’ म्हणतात.

आपल्याकडे मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९१९ साली निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच मुंबईत सर दोराबजी टाटा यांनी ‘न्यू इंडिया’ ही विमा कंपनी काढली. सावड आणि करार ही दोन्ही रोपे एकाच वाफ्यात, एकाच हंगामात लागली. क्लबाचे काम केवळ बंद गाडीपुरते नव्हते. गाडी परदेशी न्यावयाची तर जकातीच्या हमीचे जे ‘कार्ने’ नावाचे पुस्तक लागते, तेही अशाच संस्थेकडून घ्यावे लागते. कलकत्त्याची संस्था याहूनही जुनी, १९०४ची. मद्रास व दिल्ली येथेही अशा संस्था उभ्या राहिल्या.

क्लब आणि कंपनी यांतला खरा भेद मदतीच्या यादीत नाही. यादी दोघांची जवळजवळ सारखीच. भेद नात्यात आहे. क्लबात आपण सभासद असतो. वार्षिक सभेत उभे राहून ‘गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे गाडी का आली नाही?’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला असतो. कंपनीकडे आपण ग्राहक असतो. तेथे सभा नाही, पण लेखी करार आहे. करार मोडला तर प्रथम कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग यांची दारे उघडी आहेत. कोणते नाते बळकट, हे देशकालावर अवलंबून आहे. इंग्लंडमधल्या त्या जुन्या असोसिएशनने स्वतःच विम्याचा व्यवहार सुरू केला आणि १९९९ साली सभासदांच्याच मतांनी ती एका बड्या कंपनीला विकली गेली. चौऱ्याण्णव वर्षांची सावड एका मतदानात करार झाली.

क्लबाबद्दलची ही सारी आपुलकी मनात ठेवून मी नेरच्या नकाशाकडे पाहतो, तेव्हा थांबावे लागते. सावड जेथे शेजारी असतात तेथे चालते. सभासद दाट असले तर क्लबाला मदतगाडी ठेवणे परवडते, आणि मदतगाडी जवळ असली तर नवे सभासद होतात. मुंबई आपल्यापासून सहाशेच्या आसपास किलोमीटरांवर आहे. तेथल्या क्लबाची वर्गणी नेरच्या माणसाने भरली, तर तो एका चांगल्या संस्थेचा सभासद होईल, यात शंका नाही. परंतु लोणीच्या किंवा लाडखेडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली असता त्या सभासदत्वाचा उपयोग किती, हा विचार त्याने वर्गणी भरण्यापूर्वी करावा. ज्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे आणि गाडी तेथेच फिरते, त्यांनी क्लबाचा विचार जरूर करावा. आपण येथे राहतो.

मग विमा कंपनीची मदतगाडी तरी नेरमध्ये उभी आहे काय? तीही नाही. हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. कंपनी स्वतः क्रेन ठेवीत नाही. तिने मदत पुरविणाऱ्या एका दुसऱ्या संस्थेशी करार केलेला असतो. त्या संस्थेचे टेलिफोन उचलणारे लोक कुठल्यातरी मोठ्या शहरात बसतात. ते पुढे जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या क्रेनवाल्याला किंवा गॅरेजवाल्याला फोन करतात, आणि अखेरीस आपल्यापुढे येऊन उभा राहतो तो हा यवतमाळचा किंवा अमरावतीचा क्रेनवाला. विमापत्र कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, त्याची किंमत या शेवटच्या माणसाइतकीच.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत अमरावतीचे लग्न आटोपून आम्ही परतत होतो. नांदगाव खंडेश्वर मागे टाकून दहाएक किलोमीटर आलो असू, तोच समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला आणि पाठोपाठ उष्णतेचा काटा वर चढला. पट्टा तुटला होता. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरत असल्याने गाडी पुढे रेटणे म्हणजे इंजिन भाजून घेणे होते. रात्रीचे साडेनऊ, गाडीत पत्नी आणि तिची ऐंशी वर्षांची आई. विम्याची पुरवणी घेतलेली होती, म्हणून मी ऐटीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय अदबीने हिंदीत सारी माहिती लिहून घेतली. ‘आप कहाँ हैं?’ मी म्हटले, ‘नेर के पास.’ ‘जी, मिल गया.’ पाऊण तासाने क्रेनवाल्याचा फोन आला. त्याने विचारले, ‘साहेब, नेरच्या अलीकडे आहात का साक्रीच्या बाजूला?’

ते नेर धुळे जिल्ह्यातले होते! धुळे-साक्री रस्त्यावर नेर आहे, जालना जिल्ह्यातही नेर आहे, आणि आपले आहे ते नेर परसोपंत. त्या बिचाऱ्या मुलीच्या पडद्यावर पहिले जे नेर आले, ते तिने धरले. चूक तिची म्हणावी, तर ‘यवतमाळ जिल्हा’ हे दोन शब्द मीही उच्चारले नव्हते. पुन्हा फोन, पुन्हा नोंद, आणि यवतमाळची क्रेन आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दरम्यान आमच्या ओळखीच्या नेरच्या मिस्त्रीला उठविले होते. तो मोटारसायकलवर एका मुलाला घेऊन आला, पट्टा पाहिला, ‘हा माप माझ्यापाशी नाही जी’ म्हणाला, आणि सासूबाईंना व पत्नीला एका टेम्पोत बसवून घरी पोहोचविण्याची व्यवस्था मात्र त्याने केली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘पेट्रोलचे द्या.’

क्रेनने गाडी यवतमाळला नेली. दुसऱ्या दिवशी हिशेब आला. कराराप्रमाणे ५० किलोमीटर मोफत होते आणि आम्ही होतो ते ठिकाण यवतमाळपासून पंचेचाळीसच्या आत-बाहेर. म्हणजे सारे मोफत, असा माझा हिशेब. परंतु क्रेनचे ५० किलोमीटर तिच्या स्वतःच्या ठाण्यापासून मोजावयाचे होते : येण्याचे पंचेचाळीस आणि गाडी टोचन करून नेण्याचे पंचेचाळीस. वरच्या चाळीसांचे पैसे मी भरले. कागद पुन्हा काढून वाचला, तर तसेच लिहिलेले होते. तक्रारीला जागा नव्हती.

या एका रात्रीत मला जे कळले ते दहा माहितीपत्रके वाचून कळले नसते. पुरवणी घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा तो किलोमीटरांचा : मोफत अंतर किती, आणि ते कोठून मोजणार? नेरच्या माणसाला ५० किलोमीटरांची पुरवणी अपुरी आहे, कारण अमरावती साठ आहे आणि येण्याजाण्याचे मोजले तर यवतमाळसुद्धा साठच. १०० किलोमीटरांची मिळत असेल तर थोडा हप्ता जास्त देऊन ती घ्यावी. शहरापासून इतक्या अंतरापलीकडे सेवा नाही, असेही एखाद्या कराराच्या पोटात असते, तेही पाहावे.

दुसरा प्रश्न वर्षातून किती वेळा, हा. बहुधा चारपाच वेळांची मर्यादा असते आणि ती सामान्य माणसाला पुरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशी मदत घेतल्याने ‘नो क्लेम बोनस’ जातो काय? बहुतेक कंपन्यांत जात नाही. हा बोनस म्हणजे वर्षभर दावा केला नाही म्हणून पुढील हप्त्यात मिळणारी सूट; ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. उलट अपघातानंतर टोचनाचे ते १५०० रुपये मूळ विम्यातून मागितले, की तो दावा झाला आणि साठविलेली सूट गेली. लहानशा अपघातात १५०० रुपयांसाठी पुढल्या वर्षीचे चारपाच हजार घालविणारे लोक मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट क्रेनच्या जातीची. जुन्या पद्धतीची क्रेन गाडीची एक बाजू आकड्याने उचलते आणि उरलेली दोन चाके रस्त्यावर फिरत राहतात. साध्या गियरच्या गाडीची इंजिनाला जोडलेली पुढची चाके उचलली, तर बिघडत नाही. परंतु गियर आपोआप बदलणारी गाडी, चारही चाकांना जोर असलेली गाडी आणि विजेवरची गाडी यांची इंजिनाला किंवा मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरवीत ओढली, तर आतील यंत्रणेची नासाडी होते. तिला सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच नेले पाहिजे. ज्यांनी नवी विजेची गाडी घेतली आहे, त्यांनी ‘तुमच्याकडे सपाट ट्रक आहे काय?’ एवढे आधी विचारून ठेवावे आणि आकड्याची क्रेन आली, तर तिला खुशाल परत पाठवावे.

आणि पांदण. आपल्या गाड्या शेतात जातात. काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस पडला की पांदणीत चाक रुतते, ते आपण जाणतोच. मदतीचा करार साधारणपणे वाहतुकीच्या रस्त्यापुरता असतो. शेतातून, नाल्यातून, चिखलातून गाडी ओढून काढणे त्यात येत नाही, किंवा त्याचे वेगळे पैसे पडतात. तेथे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि चांगला दोर हीच आपली क्लब आणि हीच आपली कंपनी.

नाल्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण दर पावसाळ्यात ती घडते. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणे हे मुळातच चुकीचे. तरी घातली आणि मध्येच इंजिन बंद पडले, तर माणसाचा हात आपोआप चावीकडे जातो. चावी फिरवू नये. इंजिनाच्या नळकांड्यात हवा असते तेव्हा दट्ट्या तिला दाबू शकतो. पाणी दाबले जात नाही. आत पाणी शिरलेले असताना इंजिन फिरविले, की दट्ट्याला जोडलेली सळई वाकते आणि दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जातो. मग सर्व्हेअर येतो आणि म्हणतो, पाणी शिरणे हा अपघात खरा, पण सळई वाकली ती तुम्ही चावी फिरविल्याने. हे मागाहून ओढवलेले नुकसान. मूळ विम्यात ते बसत नाही. त्यासाठी इंजिनाची वेगळी पुरवणी असते. तेव्हा आधी माणसे बाहेर, मग पाणी उतरल्यावर गाडी तशीच टोचन करून गॅरेजला, आणि चावी खिशात.

क्लब आणि कंपनी यांच्यापलीकडे एक तिसरा मदतनीस आहे आणि तो कोणाकडूनही वर्गणी घेत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था टोलनाक्यांच्या आधाराने केलेली असते. नागपूर-वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग त्यात येतो. समृद्धी महामार्ग आपल्या उत्तरेकडून धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून कारंज्याकडे जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. तेथे मदतीचा वेगळा क्रमांक पाट्यांवर लिहिलेला असतो. रस्त्यावर चढतानाच तो टिपून घ्यावा. त्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर एक नियम प्राणापलीकडे पाळावा. गाडी अगदी डाव्या कडेला घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत, आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला उभी गाडी उभी आहे, हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. गाडीत बसून क्रेनची वाट पाहू नये.

आणि गाडीत रोगी असेल, तर क्लबही नको आणि कंपनीही नको. पहिला फोन १०८ला. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. रोगी हलल्यावर मग गाडीचा फोन करावा. घाबरलेल्या माणसाच्या हातून हा क्रम उलटा होतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

माझे मत विचाराल तर ते असे. नेरच्या आणि आजूबाजूच्या माणसाने, गाडीचा स्वतःचा विमा चालू असेल तर, त्याच्याबरोबरची पुरवणी घ्यावी. ती आदर्श आहे म्हणून नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या क्रेनवाल्यापर्यंत पोहोचणारी तीच एक लेखी वाट आहे म्हणून. नवी गाडी असेल, तर कारखान्याने पहिली काही वर्षे हीच सेवा फुकट दिलेली असण्याचा संभव आहे. ती असताना दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. गाडी जुनी असून नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर अशी मदत थेट वार्षिक वर्गणीवर विकणाऱ्या संस्था आहेत. त्यांना वर सांगितलेले सारे प्रश्न विचारावेत आणि ‘यवतमाळ जिल्ह्यात तुमचा माणूस कोण आणि कोठे?’ हा जास्तीचा प्रश्न विचारावा. उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत. क्लबाला माझा विरोध नाही. मला दुःख एवढेच की विदर्भात ती सावड अजून रुजली नाही. अमरावती-यवतमाळच्या मोटारवाल्यांनी मनावर घेतले, तर ते अशक्य नाही.

माझ्या गाडीच्या हातकप्प्यात आता एक पुठ्ठा आहे. त्यावर विमापत्राचा क्रमांक, मदतीचा फोन, १०८, १०३३, मिस्त्रीचा फोन, आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका शेतकरी बंधूंनी विचारले, ‘हे सारे चारचाकीवाल्यांचे झाले. आमच्या मोटारसायकलचे काय?’ प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडून तो राहून गेला होता. दुचाकीलाही अशी पुरवणी मिळते आणि तिचा हप्ता बराच कमी असतो. परंतु मोटारसायकल टेम्पोत घालून आणता येते, आणि तिची बहुतेक दुखणी पंक्चर, प्लग आणि क्लचच्या तारेची. मी त्यांना म्हटले, तुम्ही तेच पैसे चांगल्या टायरला लावा; मात्र थर्ड पार्टी विमा चुकवू नका. त्यावर ते म्हणाले की तो संपून दोन वर्षे झाली. विम्यावाचून गाडी चालविताना पकडले, तर पहिल्या खेपेस २००० रुपये दंड आहे, आणि कोणाला धक्का लागला तर भरपाई शेत विकून द्यावी लागेल, एवढे मी त्यांना सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मिळून विमा प्रतिनिधीकडे गेलो.